साधी, स्पोर्ट की टर्बो?

गॅरेजमध्ये एक गंमत असते. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, खराब पार्ट भंगारात जातो, पण किस्सा मात्र तिथंच राहतो. चोंढी नाक्याजवळ अण्णा मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आम्ही दोन-चार टाळकी रविवारी सकाळी चहाला जमतो. तिथं इतके किस्से साठलेत की नवीन माणसाला बसायला जागा नाही! त्यातले नरेशच्या गाडीचे तेवढे सांगतो. ऐकणारे हसतात. पण खरं सांगू? त्या दोन महिन्यांत मी जितका घाबरलो, तितका आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

*

आमचा नरेश न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवतो. दहा-बारा मजले उंचीवर काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालचे कंटेनर काड्यापेट्यांसारखे उचलायचे. भीती म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही, असं आम्ही समजत होतो.

त्याला कॉलेजपासून वेड एकाच जपानी गाडीचं. ती नवी मिळणं कधीच बंद झालंय, म्हणजे घ्यायची तर जुनीच. आणि तिच्यात तीन प्रकार. साधी, म्हणजे दिसायला तीच पण इंजिन शांत. स्पोर्ट, म्हणजे इंजिन तापट आणि सीट जमिनीला टेकलेली. तिसरी टर्बो. चारही चाकांना ताकद, आपल्याकडे मोजक्याच आलेल्या.

अण्णा म्हणायचे, "साधी घे, पार्ट तरी मिळतील." नरेशचा जीव टर्बोत.

मी शाळेची व्हॅन चालवतो. माझं मत कुणी विचारलं नाही, पण प्रत्येक गाडी बघायला मला न्यायचं असं मात्र ठरलं.

मी म्हटलं, "अरे, मला स्पीडची भीती वाटते!"

अण्णा म्हणाले, "म्हणूनच तर, विलास! घाबरलेल्या माणसाला गाडीतले सगळे आवाज ऐकू येतात."

*

पहिली बघितली ती साधी, बोर्ली पंचतनला. मालक हुसेनचाचा, सगळी उमर जहाजाच्या इंजिनरूममध्ये घालवलेली. गाडी अंगणात ताडपत्रीखाली. वरून अशी चकाचक की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा!

चाचा स्वतः चालवायला बसले. मी पुढे, नरेश मागे. गाव संपलं तसा चाचांनी पाय दाबला. काटा ऐंशीवर गेला आणि माझ्या पावलांना गार वारा लागायला लागला.

मी म्हटलं, "एसी मस्त आहे."

चाचा म्हणाले, "एसी तर दोन साल झाले, बंद आहे."

पायाखालचं मॅट फडफडत होतं. मी भीत भीत कोपरा उचलला. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लेला, ताटाएवढं भोक, आणि त्यातून काळा डांबरी रस्ता सर्रर्र मागे पळतोय! मी दोन्ही पाय उचलून डॅशबोर्डवर ठेवले आणि ओरडलो, "चाचा, खाली रस्ता दिसतोय!"

चाचांनी मान वळवलीसुद्धा नाही. "रस्त्यावर रस्ताच दिसणार मियाँ. दर्या दिसला तर सांगा!"

*

दुसरी पनवेलच्या डीलरकडे. ही स्पोर्ट. लाल रंग, खाली बसलेली, दबा धरल्यासारखी. डीलर गुजराती आणि भारी गोड बोलणारा.

"सिंगल ओनर छे, साहेब! बीजा कोईनो हाथ नथी लाग्यो."

नरेश म्हणाला, "येवढी चांगली हाय तर मालकाने विकली का? हाय कुठं तो?"

डीलरने एक उसासा सोडला आणि बोट वर केलं. आकाशाकडे.

मी सीटचा पट्टा बघितला, स्टिअरिंग बघितलं, काचेवर कुठे काही डाग आहे का ते बघितलं. ज्या सीटवर बसलो होतो तिथून अलगद उठलो. नरेशनेही टोपी काढली. हळूच विचारलं, "ह्याच गाडीत?"

"ना, ना! वरती, थर्ड फ्लोरवर राहतो. ढोपरं गेली त्याची. सीट खाली छे ने, बसला की क्रेननेच काढावा लागतो!"

तेव्हा नरेश माझ्याकडे बघून पोट धरून हसला. त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होता.

*

मग आली टर्बो. मांडव्याजवळ मुंबईच्या एका साहेबाचा बंगला आहे, तिथं. साहेब सज्जन. किल्ली देताना म्हणाला, "इंजिनचा काटा तीन हजारच्या पुढे गेला की सांभाळून. त्याआधी ती झोपलेली असते."

हे वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलं. कळलं मात्र कुणालाच नाही.

कार्लेखिंडीचा चढ. पुढे विटांचा ट्रक. नरेश म्हणाला, "ओव्हरटेक मारतो." पाय दाबला. गाडी ढिम्म. अजून दाबला. ढिम्म. त्याने पूर्ण दाबला, आणि मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी गाडी उसळली! माझं डोकं सीटवर आपटलं. ट्रक कधी मागे गेला कळलंच नाही. समोर वळण आणि वळणातून एसटी येत होती.

एसटीच्या ड्रायव्हरचा चेहरा मला आजही दिसतो. त्याची मिशी दिसते. नरेशने ब्रेकवर उभं राहून गाडी डाव्या अंगाला घातली. एसटी इतक्या जवळून गेली की आमचा आरसा मिटला. मागचा ट्रकवाला शहाणा, तो लांबच थांबला होता.

गाडी चरापासून हातभर अलीकडे उभी. इंजिन बंद. करवंदीच्या जाळीत कुठलंसं पाखरू ओरडत होतं, तेवढाच आवाज.

मग नरेश म्हणाला, "दादा, उतर."

"का रे?"

"तू उतर, इकडं ये, आणि मला काढ. माझं पाय माझं ऐकत न्हाईत."

मी उतरून त्याच्या बाजूला गेलो. दार उघडलं. त्याला दोन्ही हातांनी धरून बाहेर काढलं. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं तसेच बसलो. टर्बोचा विषय तिथंच संपला.

*

ही गोष्ट घरी सांगायची नाही असं ठरलं होतं. पण ट्रकवाला निघाला संगीताच्या माहेरचा! संगीता म्हणजे नरेशची बायको, आरोग्य केंद्राची आशाताई म्हणून काम करते, सगळा गाव तिला ओळखतो. ती ओरडली नाही, रडली नाही. भाकरी थापता थापता फक्त एवढंच म्हणाली,

"तुम्ही वर क्रेनवर असता ना, तवा रोज माझ्या जिवाला घोर असतो. निदान जमिनीवर असाल तेवढा वेळ तरी मला सुखाने जगू द्या."

नरेशने पुढे महिनाभर गाडीचं नाव काढलं नाही.

*

तरी वेड ते वेडच. पनवेलच्या डीलरने नरेशची रोजची जुनी गाडी तारण म्हणून ठेवून घेतली आणि ती लाल स्पोर्ट एका दिवसासाठी दिली. घरच्यांना दाखवायला, बस्स. नरेशचं गाव चौलच्या पुढे. त्याने मला दुपारी जेवायला बोलावलं होतं.

हात धुतो न धुतो तोच परसातून हाक आली. नरेशचे वडील, ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो, कुंपणाच्या गडग्याचे पडलेले दगड लावत होते. दगडाखाली फुरसं होतं. बोटाला डसलं.

संगीता धावली. कुणीतरी दोरी आणली, तिने ती फेकून दिली. "बांधायचं न्हाय! बाबा, हात हलवू नका, बोलू नका." ॲम्ब्युलन्सला फोन लागला, पण ती लांबून निघाली होती. अंगणात ती लाल गाडी उभी.

नरेश ड्रायव्हरच्या सीटवर बसला. किल्ली भोकात जाईना. दोनदा पडली. त्याने वर बघितलं, आणि कार्लेखिंडीत होता तोच चेहरा. "दादा, तू चालव. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

मी? मी नाही म्हणणार होतो, देवाशप्पथ! पण बाबांचा हात मनगटापर्यंत सुजलेला दिसला आणि मी बसलो. बाबा माझ्या शेजारी, मागे संगीता आणि नरेश. संगीता मागून वाकून बाबांना सारखं तोंड उघडायला लावत होती, विष भिनलं की हिरड्यांतून रक्त येतं, ते बघायला. मी मात्र समोरून नजर काढली नाही. चौलचा तो अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना वाड्या, नागावला पर्यटकांच्या बाइक, कोंबड्या, सायकली, मासळीची टोपली घेतलेल्या बाया. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी, स्पष्ट दिसत होती. हॉर्नवरचा हात उचललाच नाही. इंजिन किंचाळत होतं. की मी किंचाळत होतो? मध्येच संगीता म्हणाली, "आलं, थोडं रक्त आलं," आणि मी पाय अजून दाबला.

अलिबागला दवाखान्याच्या दारात गाडी लावली तेव्हा स्टिअरिंगवरून माझी बोटं नरेशने एकेक करून सोडवली.

इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळपर्यंत डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. आम्ही बाकड्यावर बसून. संगीता उठून आत जायची, परत येऊन नुसती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत."

गाडी पनवेलला परत गेलीच नाही. डीलरला फोन संगीताने केला.

तिसऱ्या दिवशी अण्णा आणि मी भेटायला गेलो. बाबा उशीला टेकून पेज पीत होते, हात अजून भोपळ्यासारखा. मी विचारलं, "बाबा, फार भीती वाटली असेल ना?"

बाबांनी पेजेची वाटी खाली ठेवली.

"फुरसं डसलं तवा वाटली ना. म्हटलं, आता आपलं काय खरं न्हाय. मग तू गाडी पयल्या वळणावर घातलीस..."

"मग?"

"मग फुरशाचा इसरच पडला बग!"