डासांच्या पिंजऱ्यातला हात

"तुम्हाला काय हो, सवयच असेल. येरवड्यात डासांना काय तोटा!"

असं म्हणून मॅडमनी जाळीचा पिंजरा माझ्यापुढे सरकवला. आत डासांच्या माद्या. दोन दिवसांच्या उपाशी. सगळी लॅब हसली. मीही हसले. त्या दिवशीच्या इतर कशाहीपेक्षा त्या माझ्या हसण्याची मला आज जास्त लाज वाटते.

मॅडम माझ्या पीएचडीच्या गाईड. लॅब डेंग्यूच्या डासांवर काम करणारी, पुण्यातलीच. मला तिथं लागून जेमतेम दीड महिना झाला होता. डासाच्या मादीला अंडी घालायला रक्त लागतं. त्यासाठी मशीन होतं. रक्तपेढीतून आलेलं रक्त कोमट ठेवायचं आणि पातळ पडद्यातून डासांना प्यायला द्यायचं. त्या आठवड्यात ते मशीन बंद पडलं. रक्त नाही तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर पुढची पिढी नाही. मग ठरलं, मशीन दुरुस्त होईपर्यंत कुणीतरी पिंजऱ्यात हात घालायचा. कुणीतरी म्हणजे कोण, हे ठरवायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ऋचा माझ्याच बॅचची, कर्वेनगरची. तिची स्किन सेन्सिटिव्ह. दुसऱ्या दोघांना मीटिंग होती. उरले मी, येरवड्याची.

कोपरापर्यंत हात आत घातला. हलवायचा नाही, खाजवायचं नाही, मूठ वळायची नाही. पंधरा मिनिटं. सुरुवातीला सुया टोचल्यासारखं झालं, मग आग आग. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "बघा, किती आवडीनं पितायत."

मशीन दुरुस्त होईपर्यंत म्हणाले होते. ते तीन वर्षं दुरुस्त झालं नाही. दर तीन दिवसांनी माझा हात आत.

मॅडमच्या बोलण्याबद्दल सांगते. ऋचाला त्या 'ए ऋचा' म्हणायच्या. 'अगं वेडे', 'जेवलीस का?' मला मात्र कायम अहो-जाहो. 'आपण', 'तुम्ही', 'बसा'. मला आधी वाटलं, केवढा हा मान! घरी जाऊन आईला कौतुकानं सांगितलंसुद्धा. पुण्यात मान देऊनही माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवता येतं, हे कळायला मला सहा महिने लागले.

माझे पप्पा महापालिकेत फवारणीवर होते. खांद्याला धुराचं मशीन लावून गल्ल्या फिरायचे. मॅडमना ते कुठून तरी कळलं. भर लॅब मीटिंगमध्ये म्हणाल्या, "वडील डास मारतात, मुलगी डास पाळते. घरी जेवताना भांडणं होत असतील नाही?" पुन्हा हशा. मी वहीत मान घालून काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिणार, रेघोट्या.

पण आमचा जो पेपर पुढं एवढा गाजणार म्हणत होते ना, तो पप्पांच्याच तोंडून निघाला. एकदा जेवताना ते म्हणाले, "हल्ली डास मरत नायत गं. धुरानं चक्कर येऊन पडतात. आपण वळलो की उठतात." माझा घास हातातच राहिला. कारण लॅबमध्ये आम्हीही तेच करत होतो. औषध लावलेल्या नळीत डास सोडायचे, तासाभरानं किती पडले ते मोजायचे, दुसऱ्या दिवशी किती मेले ते मोजायचे. जे उठून बसायचे त्यांचा आकडा टाकायचा आणि त्यांना फेकून द्यायचं. मी फेकले नाहीत. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवले. त्यांना माझा हात दिला. ते प्यायले. अंडी घातली. त्या अंड्यांतून निघालेल्या डासांना तेच औषध लावलं, तर त्यातले आधीपेक्षाही कमी डास खाली पडत होते. येरवडा, बिबवेवाडी, कर्वेनगर, तिन्हीकडची अंडी मी स्वतः गोळा करून आणली होती. बिबवेवाडीत तर एका इमारतीचे चार मजले रोज चढायचे.

एकदा ताप आला. अंग फोडून काढणारा. बाहेरून आणलेल्या अंड्यांतून आलेले डास होते हे, डेंग्यूचा विषाणू आईकडून अंड्यात उतरू शकतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. मी घाबरून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "व्हायरल असेल. गुरुवारी याल ना पण? फीडिंग आहे." मी गेले. तपासणीत डेंग्यू निघाला नाही, हे माझं नशीब. त्यात त्यांचं काही कर्तृत्व नाही.

तुम्ही म्हणाल, 'नाही' असं का म्हणाली नाहीस? मीही स्वतःला हेच विचारते आणि स्वतःवरच चिडते. घरातली पहिली पीएचडी होते मी. गाईडची सही नाही तर थिसिस नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आई विचारायची, हातावर हे काय उठलंय? मी सांगायचे, केमिकल.

मग पेपर लिहून झाला. ऋचानं लिहिला, तिचं इंग्रजी चांगलं म्हणून. मला शेवटचा मसुदा दाखवला तोही तक्ते तपासायला. पहिलं नाव ऋचाचं. मग दोन नावं मी कधी लॅबमध्ये न पाहिलेल्या माणसांची. शेवटी मॅडम. माझं नाव आभाराच्या परिच्छेदात. 'डासांच्या देखभालीसाठी केलेल्या मदतीबद्दल.' माझ्यानंतर कॅन्टीनवाल्याचे आभार नव्हते, एवढाच काय तो फरक.

मी ऋचाला विचारलं. ती खरंच गोरीमोरी झाली. म्हणाली, "अगं, मला वाटलं तुला माहितीये. मॅडमनी यादी दिली." आयत्या पिठावर रेघोट्या मारल्या तिनं, पण पीठ दुसऱ्याचं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. लॅबमधले बाकीचे? अळीमिळी गुपचिळी.

मी मॅडमकडे गेले नाही. दोन आठवडे नुसती धुमसत राहिले. तीनदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन पाणी प्यायला वळले. इतकी मी शूर.

दोन महिन्यांनी त्यांनीच मला बोलावलं. जर्नलकडून प्रश्न आले होते. पेपर तपासणाऱ्यानं एकच अडचण काढली होती, पण नेमकी. तुम्ही लिहिता, डासांना मानवी स्वयंसेवकाचं रक्त लेखी संमती घेऊन दिलं. मग एथिक्स कमिटीची मान्यता कुठंय? संमतीपत्र कुठंय?

मान्यता मशीनची होती. रक्तपेढीच्या रक्ताची. माणसाच्या हाताची नव्हतीच. आणि संमतीपत्र तर कुणाच्या गावीही नव्हतं.

मॅडमनी टेबलावर एक छापील कागद ठेवला. "हे घ्या. वाचायची काही गरज नाही, नेहमीचाच फॉर्म आहे. सही करून उद्या आणा. तारीख मी घालते." मी उभीच. त्या पुढं म्हणाल्या, "आणि तुमचं नाव घेऊ या आपण लेखकांत. तिसरं टाकते. पेपर आला की थिसिस सबमिट करा. झालं?" मान्यतेचं काय, विचारलं तर म्हणाल्या, ते मी कमिटीत बोलते, ते माझं काम.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तिसरं तर तिसरं! पेपर, थिसिस, नावामागं डॉक्टर. बसमध्ये मी मनातल्या मनात पेढेही वाटले.

घरी येऊन फॉर्म काढला. वाचायची गरज नाही म्हणाल्या होत्या, म्हणून वाचला. आणि काय सांगू, तो फॉर्म मला तोंडपाठ होता. अंडी गोळा करायला लोकांच्या घरात काळ्या वाट्या ठेवायच्या असत, तेव्हा हाच फॉर्म मी बायकांना वाचून दाखवायचे. एकेक ओळ. 'हा अभ्यास मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे. मी यातून केव्हाही, कारण न देता, बाहेर पडू शकते. बाहेर पडल्याने माझे कोणतेही नुकसान होणार नाही.' गॅलरीत पाण्याची वाटी ठेवायची म्हणून मी चार-चार मजले चढून हे वाचलं. एक आजी म्हणाल्या होत्या, "कळलं गं, ठेव वाटी." तरी मी शेवटपर्यंत वाचलं. आणि स्वतःचा हात पिंजऱ्यात घालताना ही ओळ माझ्यासाठीही आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तीन वर्षं! मला शिकवलेलं सगळं मी दुसऱ्यांसाठी शिकले होते.

पप्पा समोरच बसले होते. मी रडायला लागले तसे घाबरले. मग मी सगळं सांगितलं. केमिकल नव्हतं, डास होते, हेही. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन उजेडाकडे वळवला. म्हणाले, "मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातले डास मारले गं. आणि तू यांना अंगावर पोसलंस?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सही करून टाक आणि सुट एकदाची. पुढं डॉक्टर होशील, मग बोल काय बोलायचं ते." तिचं चूक नव्हतं. आमच्यात सगळ्यांनी असंच पुढं ढकलत इथपर्यंत आणलं. ठरवायचं मलाच होतं आणि रात्रभर मी काही ठरवलं नाही, हेही खरं.

सकाळी केबिनमध्ये गेले तेव्हासुद्धा फॉर्म हातात होता आणि पेन पर्समध्ये. मॅडमनी वर न बघताच हात पुढं केला.

मी म्हणाले, "मॅडम, मी सही करते. पण तारीख मी घालणार. आजची. आणि खाली लिहिणार, की तीन वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे पेपर मेला. कळतंय का तुम्हाला? तुमचंच काम आहे त्यात."

"माझं काम आहे हे आज पहिल्यांदा म्हणालात."

"अहो, केवढा हा माज! पंधरा मिनिटांच्या डासांचं एवढं भांडवल? तुम्हा लोकांना काही दिलं की—"

तिथं त्या थांबल्या. मी वाट बघितली. वाक्य पूर्ण करा म्हटलं. केलं नाही. पुण्याची माणसं अशी वाक्यं कधी पूर्ण करत नाहीत, समोरच्याला घरी जाऊन पूर्ण करायला देतात. मी तिथंच उभ्या उभ्या पूर्ण केलं. डोक्यात तिडीक गेली आणि भीतीच गेली. फॉर्म कोराच ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून मी हात घालणार नाही."

दुसऱ्या दिवशी फीडिंग होतं. मी माझ्या जागेवर तक्ते करत बसले. मॅडम डासांच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, "ऋचा, तू बघतेस का जरा?" ऋचानं एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्या हाताकडे. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "नाही मॅडम." बस, एवढंच. तिला कुणी माज म्हणालं नाही.

आणि ऐका आता. तीन वर्षं जे मशीन दुरुस्त होत नव्हतं ते दोन दिवसांत चालू झालं. एक माणूस पिशवी घेऊन आला, मागची झाकणी उघडली, एक रबरी रिंग बदलली, चहा प्यायला आणि गेला. रबरी रिंग! तिथं उभी राहून मला ओरडावंसं वाटलं. माझ्या हातापेक्षा ती रिंग महाग नव्हती. फक्त तिच्यासाठी फोन करावा लागत होता आणि माझ्यासाठी तोही करावा लागत नव्हता.

मी एथिक्स कमिटीला पत्र लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, सगळा राग काढून. मग राग गाळून इंग्रजीत. जर्नललाही त्याची प्रत पाठवली. पेपर परत आला. त्यात पप्पांचं वाक्य होतं, माझे चार मजले होते, सगळं गेलं. निदान आत्तापुरतं तरी गेलं. गाईड बदलून द्या असा अर्ज केलाय, तो चार महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. विभागप्रमुखांनी बोलावून प्रेमानं समजावलं, "हे बघ बाळ, मोठ्या माणसांशी वैर करून विज्ञान होत नाही." मी म्हटलं, सर, मी वैर केलेलं नाही, मी फक्त लिहून दिलंय. त्यावर ते म्हणाले, तेच तर.

आई अजून अधूनमधून म्हणते, केली असतीस सही तर. कधी कधी मलाही वाटतं. रागानं पोट भरत नाही आणि डिग्रीही मिळत नाही. रडू येतं, मग परत चीड येते.

पण परवा कमिटीचं पत्र आलं. म्हणणं मांडायला यावं. मॅडमही असतील समोर, त्यांचे दोन सहकारी असतील, आणि मी एकटी. मी जाणार. तीन वर्षांचं सगळं सांगणार, कुठल्याही शब्दाला मऊ न करता. त्यांनी निकाल माझ्या विरुद्ध दिला तर वरच्या कमिटीकडे जाईन. इथं कुणी गाईड मिळाला नाही तर दुसऱ्या विद्यापीठात पहिल्यापासून सुरू करीन, पुन्हा चार मजले चढीन. संशोधन मी सोडणार नाही, ते मॅडमच्या मालकीचं नाही.

आणि यापुढं माझ्या अंगातलं, माझ्या घरातलं, माझ्या डोक्यातलं काहीही कुणाला हवं असेल, तर आधी मला विचारायचं. मी नाही म्हणू शकते हे धरून विचारायचं.