झाडाच्या बसमधली पुढची सीट

ज्या बाईचा नवरा दर रविवारी एका प्रसिद्ध झाडाकडे प्रवाशांची बस घेऊन जायचा, तिने स्वतः ते झाड कधी पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाई एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. सकाळी उभी राहिली की संध्याकाळीच टेकायची. चादरी, अभ्रे, पुन्हा चादरी. खिडकी नव्हती, वाफ मात्र पोटभर. त्या वाफेत ती बरोबरच्या बायकांना झाडाच्या गोष्टी सांगायची. हजारो वर्षांचं आहे, ढोलीत अख्खा वर्ग बसेल, खाली उभं राहिलं की भर दुपारी अंगावर काटा येतो. सगळ्या गोष्टी नवऱ्याने जेवताना सांगितलेल्या.

"काकू, तुम्ही कधी जाणार?" बायका विचारायच्या.

"या मोसमात नक्की," ती म्हणायची.

ड्रायव्हरशेजारच्या सीटवर घरचं एक माणूस फुकट न्यायची कंपनीची मुभा होती. पहिल्यांदा त्या सीटवरून सासूबाई गेल्या, ते रास्तच होतं. मग नणंद गेली. नणंदेचा दीर गेला. बसमालकाचा मेहुणा गेला. शेजाऱ्यांची एक पाहुणी गेली, ती तर वाटभर ओकत गेली.

"अगं, परक्या माणसाला नाही कसं म्हणायचं?" नवरा म्हणायचा. "तू काय, घरचं माणूस. केव्हाही येशील."

बाईला ते पटायचं, याचाच खरा राग येतो. एकदा तरी तिने भांडी आदळायला हवी होती. पण आलेला राग चार घड्या घालून ठेवून द्यायची सवय हातालाच लागली होती. पुढे गुडघे गेले. डॉक्टरांनी तिचं उभं राहणं बंद केलं आणि लॉन्ड्री सुटली. नवऱ्याचीही निवृत्ती आली. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी तो बूट पुसता पुसता म्हणाला, "उद्या सीट रिकामीच जातेय. येतेस का?"

'रिकामीच' हा शब्द तिला नीट ऐकू आला. तरी तिने ठेवणीतले कपडे काढले आणि ते स्वतः इस्त्री केले, बसून.

बस वाहनतळावर थांबली. गाइडच्या मागोमाग सगळे प्रवासी दरीत उतरले. दरीत उतरायला पायऱ्या होत्या. उंच, दगडी, खाली दिसेनाशा होईपर्यंत. झाड त्यांच्या पायथ्याशी, वळणाआड. या पायऱ्यांबद्दल नवरा आजवर चकार शब्द बोलला नव्हता. कठडा धरून ती तिसऱ्या पायरीपर्यंत गेली आणि मट्‌कन बसली. गुडघा वाकेना.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "नीट बघा आणि आल्यावर मला सगळं सांगा."

तो जरा घुटमळला. मग परत वर जाऊन चहाच्या टपरीपाशी उभा राहिला. "खाली गेल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे?"

टपरीवाला खो खो हसला. "काय राव, इतकी वर्षं इथे बसमध्ये घोरलात आणि आज वाट विचारताय?"

बाईने ते ऐकलं. म्हणजे ढोली, काटा, अख्खा वर्ग, सगळं गाइडच्या माइकवरून उचललेलं होतं. तिने ज्याच्यासाठी जीव टाकला, ते नवऱ्याच्या लेखी गाडी लावून झोप काढायची जागा होती. म्हणून तर तिची सीट त्याने येईल त्याला देऊन टाकली. त्याला कळलंच नव्हतं आपण काय वाटून टाकतोय ते. तिला रडू आलं नाही. फार वाईट वाटलं, इतकंच.

तो खाली गेला. बऱ्याच वेळाने प्रवाशांच्याही मागून एकटाच वर आला आणि तिच्या शेजारी बसला. डोळे लाल झाले होते. या वेळी गाइडचा एकही शब्द त्याच्या तोंडात नव्हता.

"अगं," तो म्हणाला, "तू बघायला हवं होतंस."

मांडीवर कपड्याला पडलेली सुरकुती अंगठ्याने दाबत ती म्हणाली, "मी घरचं माणूस. केव्हाही येईन."

त्याने हात पुढे केला. तिने कठडा धरला आणि तीन पायऱ्या एकटीने चढली.