तारली खायला लिस्बनला

आमच्या लॅबच्या टी-रूममधल्या फ्रिजवर मॅग्नेट लावायची पद्धत आहे. कुणी बालीला गेलं, मॅग्नेट. कुणी फिजीला गेलं, मॅग्नेट. लिस्बनचं मॅग्नेट मात्र तिथे नाही. कुणी विचारलं की रेजिना माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. मॅग्नेट आणायला आम्ही विसरलो, पण त्या एका वीकेंडचे किस्से इतके साठलेत की चहाचा ब्रेक संपतो, किस्से संपत नाहीत. आणि दर वेळी सांगताना माझं डोकं नव्याने तापतं!

मी मेधा, मूळची कोथरूडची. पंचविशीपर्यंत मासा फक्त काचेच्या टाकीत पोहताना पाहिलेला. रेजिना वसईची, कॅथलिक, मराठी शाळेत शिकलेली, बोलायला तिखट. सिडनीत वेस्टमीडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आमचे बेंच शेजारी शेजारी. मला मासे खायला तिनेच शिकवलं. काटा कसा ओढायचा, डोकं कसं चोखायचं, सगळं.

वीस सालच्या जूनमध्ये माझ्या बहिणीकडे लंडनला जायचं आणि तिथून शुक्रवार ते सोमवार लिस्बन, असा आमचा बेत होता. म्युझियम नाही, शॉपिंग नाही. फक्त खायचं! कोळशावर भाजलेल्या सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्या, हा लिस्टमधला पहिला नंबर. रेजिनाने लिस्ट एक्सेलमध्ये केली होती, नाश्ता, जेवण, मधलं खाणं, अशा कॉलमांसकट.

*

रजेचा अर्ज घेऊन आम्ही ग्रेगकडे गेलो. ग्रेग आमचा लॅब मॅनेजर. दर शनिवारी गळ घेऊन समुद्रावर बसणारा माणूस. वाटलं, याला तरी कळेल.

"पोर्तुगाल? काय आहे तिकडे?"

"सार्डिन्स," रेजिना म्हणाली.

ग्रेगने पेन खाली ठेवलं. "मेट, सार्डिन आम्ही आमिष म्हणून गळाला लावतो. यू आर फ्लाइंग टू युरोप टु ईट बेट?"

रेजिनाचा चेहरा असा झाला, की जणू त्याने तिच्या घरच्या देवाला नावं ठेवली. दाराबाहेर आल्यावर म्हणाली, "ज्या देशात मुलांना बर्थडेला ब्रेडवर रंगीत साखर घालून देतात, त्या देशाने मला खाण्यातलं शिकवू नये!"

घरी मी हे रागारागाने माझ्या लेकीला सांगितलं. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "मम, इट्स लिटरली जस्ट फिश."

माझ्याच पोटची पोर!

*

मार्चमध्ये देशाचं दार बंद झालं. बाहेरच्यांनी आत यायचं नाही हे एक वेळ समजू शकते. पण आतल्यांनी बाहेर जायचं नाही? आम्ही पर्मनंट रेसिडंट. या शब्दाचा अर्थ असा शब्दशः घेतील असं वाटलं नव्हतं!

बाहेर जायला परवानगी लागे. त्याचा ऑनलाइन फॉर्म होता आणि त्यात कारण निवडायचं. मेडिकल, बिझनेस, जवळच्या माणसाचं आजारपण. आम्हाला मिळणार नाही हे ठाऊक होतंच. पण रेजिना म्हणाली, "विचारायला काय जातं?" आणि तिने लंच ब्रेकमध्ये हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर.

बऱ्याच वेळाने एक गोड आवाजाची बाई आली. "व्हॉट्स द पर्पज ऑफ युअर ट्रॅव्हल?"

"लंच," रेजिना म्हणाली.

पलीकडे कीबोर्डची टकटक. मग बाई म्हणाली, "मॅम, इज द लंच अर्जंट?"

रेजिना म्हणाली, "आय ॲम फॉर्टी टू. यू टेल मी."

*

एकविसातला लॉकडाऊन आठवला की अजूनही माझं रक्त उसळतं. कडक नियम कुठे? आमच्या पश्चिमेकडच्या सबर्ब्जमध्ये! रेजिना स्कोफिल्ड्सला, मी वेस्टमीडला. डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घाली. पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. सिडनीत चांगल्या पोर्तुगीज बेकऱ्या आहेत, पण त्या आमच्या पाच किलोमीटरच्या पलीकडे. आणि रात्रंदिवस शहराचे स्वॅब तपासणार कोण? तर आम्हीच!

शेवटी रेजिना म्हणाली, "लिस्बनला जाता येत नाही ना? मग लिस्बन इथे."

एका शनिवारी शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही आमच्या बिल्डिंगच्या कार पार्कच्या गच्चीवर गेलो. ती तिच्या गाडीत, मी माझ्या, मधे एक जागा रिकामी. तिने हवाबंद डब्यातल्या सार्डिन घरी तव्यावर करपवून आणल्या होत्या. मी कस्टर्ड टार्ट केले होते. ते दिसायला शिऱ्याच्या वड्यांसारखे झाले होते, पण तो विषय नको. आम्ही काचा खाली केल्या, मास्क हनुवटीवर घेतले आणि पहिला घास घेतला.

तेवढ्यात सिक्युरिटी गार्ड!

"लेडीज, कुणीतरी कम्प्लेंट केली आहे. गॅदरिंग चाललंय म्हणून."

"दोन गाड्या आहेत," मी म्हणाले.

"आणि वास येतोय."

"वासाला कुठला नियम आहे?" रेजिना.

बिचारा गडबडला. म्हणाला, खायला हरकत नाही, पण बसून रमायचं नाही. रमायचं नाही! आम्ही डबे बंद केले आणि खाली येऊन पुन्हा मशीनसमोर बसलो.

संध्याकाळी बातम्यांत पूर्वेकडचा बीच दाखवत होते. माणसं टॉवेल पसरून पहुडलेली, हातात कॉफी. त्याला म्हणे एक्सरसाइज म्हणतात! रेजिनाचा मेसेज आला. "पुढच्या वेळी सार्डिन खाताना आपण मधे मधे उठाबशा काढू."

*

बाविसाच्या जूनमध्ये एकदाचे निघालो. विमानात मास्क लावून बसलेलो. जेवणाची ट्रॉली येण्याआधी एअर होस्टेस आली आणि नावाचं स्टिकर लावलेला ट्रे तिने रेजिनासमोर ठेवला. "युअर हिंदू मील."

आता हिंदू मील मी मागवलं नव्हतं आणि रेजिनाने तर नाहीच नाही. ट्रॅव्हल एजंटने दोघींचे चेहरे पाहून एक नाव निवडलं असावं. ते चुकीचं निवडलं, एवढंच.

"मी रोमन कॅथलिक आहे," रेजिना म्हणाली. "गेली चारशे वर्षं!"

"नो वरीज," होस्टेस हसून म्हणाली, "इट्स स्टिल चिकन."

मागच्या सीटवरचा माणूस खो खो हसला. रेजिनाने ते खाल्लं. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाली, "मेधा, तुमच्या धर्मात मीठ नाही का गं?"

*

लंडनला बहिणीकडे दोन दिवस राहून शुक्रवारी संध्याकाळी लिस्बनला पोचलो. आमची भाड्याची खोली जुन्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर, खाली अरुंद गल्ली. पिशव्या टाकल्या आणि लिस्टमधल्या पहिल्या खानावळीकडे निघालो. चढ, पायऱ्या, पुन्हा चढ. अडीच वर्षं थांबलेली माणसं आम्ही, धापा टाकत पोचलो. दारावर चिठ्ठी. फोनने भाषांतर करून सांगितलं, "मालकांना कोविड झाल्यामुळे बंद."

दुसरीकडे गेलो. तिथे आत जाण्याआधीच शेजारच्या इंडियन हॉटेलातला एक माणूस हात पसरून आडवा आला.

"दीदी! इंडिया से? आइए, आइए! बटर चिकन, गार्लिक नान, एकदम घर जैसा!"

मी म्हटलं, "भैया, हमें सार्डिन खाना है."

"अरे छोडिए दीदी, उसमें काँटे होते हैं!"

अर्धी पृथ्वी ओलांडून आलो होतो! रेजिना कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, "भैया, आप यहाँ कितने साल से हो?"

"छह साल."

"कभी सार्डिन खाया?"

तो जरा ओशाळला. "नहीं दीदी. टाइम कहाँ मिलता है."

रेजिनाचा राग तिथेच उतरला. आम्ही त्याच्याकडे एकेक चहा घेतला. चहा, सांगायलाच हवं, उत्तम होता. पण तेवढ्यात बाकीची किचनं बंद झाली आणि लिस्बनमधलं आमचं पहिलं जेवण म्हणजे गार्लिक नान!

*

शनिवारी सकाळी रेजिनाने बेकरीतून गरम कस्टर्ड टार्ट आणले. मी एक तोंडात घातला. काहीच नाही. कॉफी प्यायले. नुसतं गरम पाणी. कॉफीची पूड नाकाशी धरली. माती.

आम्ही दोघीही लॅबवाल्या. आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. बॅगेतून टेस्ट काढली. दोन रेघा. दुसरी तर पहिलीपेक्षा ठसठशीत! रेजिनाची टेस्ट केली, एकच रेघ.

दोन वर्षं! दोन वर्षं मी अख्ख्या शहराच्या नाकातलं मशीनमध्ये घातलं, कधी एक शिंक आली नाही. आणि नाक गेलं कुठे, तर लिस्बनमध्ये, सार्डिनच्या मोसमात, गरम टार्ट समोर असताना! मी पलंगावर बसून रडले. दुःखाने नाही, संतापाने.

बहिणीने लंडनहून कळवलं, "बरी झाल्याशिवाय इकडे परत येऊ नकोस." ग्रेगला रजा वाढवायला फोन केला. तो म्हणाला, "नो वरीज, टेक केअर. हाऊज द बेट?"

मी फोन ठेवला. रेजिनाला म्हटलं, "तू जा. लिस्ट पुरी कर. मी आहे इथे."

"एकटीनेच खायचं असतं तर स्कोफिल्ड्सलाच खाल्लं असतं," ती म्हणाली आणि खुर्ची उचलून खाली गल्लीत जाऊन बसली, बरोब्बर माझ्या बाल्कनीखाली. दिवसभर आम्ही वर-खाली बोलत राहिलो. गल्लीतून जाणारे टुरिस्ट तिचेच फोटो काढत होते.

*

समोरच्या दारात आल्दा नावाच्या एक आजीबाई राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, काळा झगा, पांढरी वेणी. दुपारी त्यांनी दारातच शेगडी पेटवली आणि जाळीवर मासे मांडले. धूर सरळ माझ्या बाल्कनीत! डोळ्यांत पाणी आलं, नाकाला मात्र पत्ता नाही.

आजीबाईंना इंग्लिश येत नव्हतं, रेजिनाला पोर्तुगीज. आजीबाईंनी मासे परतताना बाजूच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हटलं, "बताता."

रेजिना उभीच राहिली. "बटाटा!"

मग सुरू झालं. पाव. कोबी. काजू. अननस. चावी. पाद्री. नाताळ. एकीने म्हणायचं, दुसरीने टाळी द्यायची. वरून मीही ओरडले, "लिलाव!" आजीबाईंनी वर बघून हात हलवला. रेजिना रंगात येऊन म्हणाली, "पगार!"

आजीबाई एकदम गंभीर झाल्या. त्यांच्या भाषेत पगार म्हणजे पैसे देणं, त्यांना वाटलं, ही माशांचे पैसे देऊ करतेय. "नाऊं, नाऊं!" करत त्यांनी चिमटाच उगारला. रेजिनाने कान पकडले तेव्हा कुठे मिटलं.

मग आजीबाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं. रेजिना म्हणाली, "कोविड." आजीबाईंनी छातीवर क्रूस काढला, आत गेल्या आणि एक लहान बादली घेऊन आल्या. "बाल्द," त्या म्हणाल्या. "बादली!" रेजिना ओरडली. मी कपडे वाळत घालायची दोरी सोडून खाली टाकली. बादलीत झाकलेली ताटली, ताटलीत तीन तारल्या आणि उकडलेले बटाटे. मी ओढून वर घेतली.

अडीच वर्षांनी पहिला घास. ओला पुठ्ठा!

"कसं आहे?" खालून प्रश्न आला.

"मस्त!"

"खोटं बोलू नकोस, तोंड दिसतंय मला." मग तिने तिच्या ताटलीतला तुकडा तोडला. "थांब. मी खाते तसं तू खा. कातडी करपलीय, कडवट आहे, पण छान कडवट. आता आतलं घे. मीठ जाड आहे, दाताखाली येतंय. तेल सुटलंय. आपल्या तारलीपेक्षा गोड आहे गं. घेतलंस? आता बटाटा."

असे तिन्ही मासे आम्ही संपवले. ती चव सांगत होती, मी चावत होते.

*

पुढचे चार दिवस बादली रोज वर आली. शेवटच्या संध्याकाळी मी मास्क लावून बाल्कनीत बसले होते. रेजिना आजीबाईंच्या टेबलावर जेवत होती. आजीबाईंच्या दाराशेजारी पत्रपेटी होती आणि तिच्यावर नाव. रेजिनाचं तिकडे तोवर लक्ष गेलं नव्हतं. तिने वाचलं, उठली, जवळ जाऊन पुन्हा वाचलं. मग पासपोर्ट काढून आजीबाईंसमोर धरला. परेरा. दोन्हीकडे परेरा!

आजीबाईंनी चष्मा लावला. पासपोर्ट पाहिला, रेजिनाचा चेहरा पाहिला, पुन्हा पासपोर्ट. मग काहीतरी भराभर बोलल्या. रेजिनाने फोनमधलं भाषांतर लावलं. फोनमधली बाई सपाट आवाजात मराठीत म्हणाली, "आमचे आडनाव तुमच्याकडे कसे आले?"

इतके दिवस जी टाळ्या देत होती, त्या रेजिनाचा आवाज एकदम बदलला. तिने फोन तोंडाशी धरला आणि एकेक शब्द तोडत मराठीत बोलली.

"तुमची माणसं आमच्या गावात न बोलावता जेवायला आली होती. खूप वर्षं राहिली. जाताना आडनाव विसरून गेली. ते परत द्यायला आलेय मी."

फोन पोर्तुगीजमध्ये बोलला. आजीबाई ऐकत होत्या. जाळीवर मासा चरचरत होता, त्यांनी तो परतला नाही. मला वरून वाटलं, संपलं आता सगळं.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. फोन स्वतःकडे ओढून घेतला आणि त्यात दोनच वाक्यं बोलल्या. फोनमधली बाई त्याच सपाट आवाजात अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"ते ठेवून घ्या. आमच्याकडे पुष्कळ आहेत."