ढिगाबाहेरची माती

अण्णांनी माझी पिशवी काठीच्या टोकाने उचलली आणि बांधापलीकडे टाकली. हाताने नाही. काठीने. मेलेला उंदीर उचलतात तशी.

"हिची माती ढिगात नको," ते म्हणाले. "मसणातली हाय ती."

नव्याने भाजीपाला करणाऱ्यांसाठी आठवडाभराचं शिबिर होतं. नाशिकबाहेर, अण्णांच्या मळ्यात. नव्वदच्या दशकाची अखेर. मी बी.ए. झालेली, आमच्या बौद्धवाड्यातली पहिली. अंबडच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम सोडून आले होते. मला शेती करायची होती.

शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, प्रत्येकाने आपल्या रानातली पिशवीभर माती आणायची. सगळ्यांची एकत्र करायची, शेणखत घालायचं, त्या मातीचा वाफा करून टोमॅटोचं बी टाकायचं. रोपं झाली की वाटून न्यायची. ढिगात ज्याची माती, त्याला रोपं. मला ती रोपं हवी होती. आमच्या रानात तोवर बाजरीशिवाय काही पिकलं नव्हतं.

रान म्हणजे गावच्या मसणवट्याला लागून असलेलं गायरान. दुसरं कोणी घेईना म्हणून माझ्या वडिलांना, आप्पांना मिळालं. तिथे कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली माझा भाऊ आहे. नुकता रांगायला लागला होता, तेव्हा गेला. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्या कोपऱ्यावरून आई नांगर जाऊ देत नाही. पाला कुजून कुजून तिथली माती काळीभोर झालेली. शिबिराला निघाले त्या सकाळी आईने पिशवी तिथूनच भरली. वरची वरची, बोटांनी गोळा करून.

"चांगली माती ने," म्हणाली.

अण्णांना सांगितलं संपतने. संपत आमच्याच गावचा. एका एस.टी.ने कॉलेजला जायचो. आईच्या हातची भाकर खाल्लेला. अण्णांनी त्याला विचारलं, "ही पोरगी कोणाची रं? रान कुठं हिचं?"

संपत हसत म्हणाला, "मसणवट्याजवळ, अण्णा. त्यांच्यातली हाय ती."

त्यांच्यातली. बस. एवढंच.

"टमाट्याला भुतं लागतील मग!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. लय हसले.

मी सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. "ताई, मातीतून रोगराई येते. सांभाळून घ्या. तुम्ही नुसतं बघा ना."

बाकी कोणाच्या मातीतली रोगराई कोणी पाहिली नव्हती.

नुसतं बघा. शाळेतली गणपतीची आरती मी दाराबाहेरून नुसती बघितली होती. गावातल्या लग्नांच्या पंगती नुसत्या बघितल्या होत्या. आणि इथेही, रानातली माती हातात घेऊन आलेली मी, नुसतं बघायचं?

बांधापलीकडे गेले. पिशवी उचलली. गरम लागली. उन्हाने असेल. आले आणि पिशवी ढिगावर पालथी केली. कोपरापर्यंत हात घातले. खालची वर, वरची खाली. काळी, तांबडी, मुरमाड, सगळी. काकणं वाढली तरी थांबले नाही.

मग अण्णांना म्हणाले, "घ्या. आता निवडा माझी."

कोणी हसलं नाही. अण्णांनी गड्याला हाक मारली. "टाक रं समदं रस्त्यावर."

घमेली भरभरून ढीग रस्त्यावर गेला. देवळ्याच्या माणसाची माती, सिन्नरची, संपतची. त्यांना आपली माती फेकलेली चालली. माझ्यात मिसळलेली चालली नाही. त्या शिबिरात मी शिकले ते एवढंच.

रस्त्यावरून टेम्पो जायला लागले. चाकं मातीवरून जायला लागली. त्यात माझा भाऊ होता.

खताचं रिकामं पोतं घेतलं आणि रस्त्यावर बसून भरायला लागले. संपत आला. "ऊठ गं. गावाची इज्जत घालवती का?" मी वर पाहिलं नाही.

सिन्नरच्या जीपमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "काय ताई, सोनं भरलं का काय?"

"हो."

"मग ठेव पायाशी."

"पायाशी नाही," म्हणाले. पोतं मांडीवर घेऊन घरापर्यंत आले.

आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. पोत्यात हात घालून बराच वेळ चाचपत राहिली.

"सापडंना," म्हणाली.

निवडा, असं मीच म्हणाले होते. आता आम्हाला निवडता येईना. कोणती त्याची, कोणती त्या हसणाऱ्यांची. ती सगळीच माती आम्ही लिंबाखाली पसरली. त्यातच वाफा केला. रोपं आली. आजही वाफा करताना बोटाला काही टोचलं की माझा हात तिथेच थांबतो. खडाच असतो. दर वेळी खडाच असतो.

आता वाड्यातल्या पोरी माझ्याकडे रोपं करायला शिकतात. बाकीच्या गल्ल्यांतलेही येतात. मागच्या साली संपत आला. बांधावर उभा राहून म्हणाला, "पोराला नोकरी नाय. शिकव त्याला. झालं गेलं विसर."

मी म्हणाले, "विसरत नाही. पोराला घेऊन ये, तुझ्या रानातली माती घेऊन ये. दोघांनी या लिंबाखाली बसायचं. आईसमोर. हातांनी मिसळायची, कोपरापर्यंत. मग शिकवते."

"लोक काय म्हणतील गं?"

आई लिंबाखाली बसून ऐकत होती. तिने मान वर केली नाही.

तो बांधावरूनच परत गेला. जाऊ दे. उद्या त्याचा पोरगा एकटा आला, तर त्यालाही हेच सांगेन. अण्णा आले तर अण्णांनाही. काठी बांधावर ठेवायची. हात मातीत घालायचे. त्याशिवाय माझ्या रानातलं एक रोप कोणाला मिळणार नाही.