घोड्याच्या घरात घोडाच

लोटननाना काल गेले. आणि ज्यांनी त्यांना अडाणी ठरवलं, त्यांचेच स्टेटस सगळ्यात आधी झळकले.

"बुद्धिबळाचा दीपस्तंभ हरपला" म्हणे!
लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

नाना शिंदखेड्याचे. पिठाची गिरणी. दर रविवारी एसटीने धुळ्याला आमच्या क्लबात यायचे, भुवयांवर पीठ तसंच.
त्यांची शाळा चौथी, माझी सातवी. म्हणून आमचं जमायचं.

क्लबाचे सर रविवारी फळ्यावर एक पझल मांडत. जो सोडवेल त्याचं नाव आठवडाभर फळ्यावर.
नानांना तेवढंच हवं होतं. एकदा. नातीला फोटो दाखवायला.

त्या दिवशी पटावर मोजकेच मोहरे. पांढऱ्याचं प्यादं शेवटच्या घराच्या तोंडाशी. पांढऱ्याने जिंकायचं.
आम्ही सगळे विद्वान! प्यादं पोचलं की वजीर करायचा, एवढंच डोक्यात. पण वजीर केला की काळा पुढच्याच चालीत मात देत होता.
तासभर डोकी खाजवली.

नाना म्हणाले, "घोडा करा."
सर हसले. "घोडा का हो नाना?"
"घोडाना घरमा घोडाच व्हस."

आमच्याकडचा जुना गावठी नियम तो. प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तोच मोहरा होणार. खऱ्या नियमात हवा तो मोहरा करता येतो.
सगळा क्लब खदाखदा हसला.

सरांनी मोबाईलवर तपासलं. उत्तर घोडाच! राजाला शह, आणि त्याच घोड्याच्या माऱ्यात काळ्याचा वजीर. डाव खलास.

तरी सर काय म्हणाले? "नियमच माहीत नाही. तुक्का लागला. तुक्क्याला नाव नाही."
आणि फळा पुसला.

नाना पुन्हा क्लबात आले नाहीत.

महिन्याने मी गिरणीवर गेलो. विचारलं, "नाना, खरंच तुक्का होता?"
"येडा शे का भाऊ? वजीर कया तं पुढला चालमा मात. माले डोया शेतस ना! नियमनं मी गंमतमा सांगं."
मग काळ्याची एकेक पळवाट त्यांनी बोटांवर मोजून बंद करून दाखवली.
"मग तिथंच का नाही बोललात?"
"तुमनं हसनं तं संपाले पाहिजे! तितलामा फया पुसाई गया."

'तुमनं' म्हणाले. बरोबरच होतं. मीही हसलो होतो, सरांपेक्षा जोरात. तो नियम लहानपणापासून ठाऊक असून.
आणि खरं कळल्यावरही क्लबात तोंड उघडलं नाही. तिथली आपली खुर्ची जाईल म्हणून. थू माझ्यावर!

रविवारी शोकसभा आहे. सरांनी फोन केला, "आबा, दोन शब्द बोला."
येतो सर. नानांच्या नातीलाही पुढच्या रांगेत बसवा. दोन शब्दांत भागणार नाही.

नाना, श्रद्धांजली वाहण्याची माझी लायकी नाही.
नुसता नमस्कार घ्या. या आता.