मंगळसूत्र चौकीतच काढीन म्हटलं

मंडळी, घडलं ते आत्ताच लिहिते.

सकाळी के. आर. पुरमच्या बाजारातून भाजी घेऊन निघाले होते. साध्या कपड्यातल्या एका माणसाने अडवलं. "अम्मा, मी पोलीस आहे. पुढे चोरी झालीये. मंगळसूत्र काढून या कागदात बांधा," असं हिंदीत, अगदी अदबीनं म्हणाला. साहेबानं सांगितलं की ऐकायचं, ही आमच्या पिढीची सवय. माझा हात मानेमागे गेलासुद्धा!

मग वाटलं, खरा पोलीस असेल तर चौकी कुठे पळून जातेय? "सरी, बरं, चौकीत चला, तिथेच काढते," मी मुद्दाम मोठ्यांदा म्हटलं आणि समोरच्या फुलवालीला माझ्या मोडक्या कन्नडात हाक मारली, "अक्का, स्वल्प बन्नी, जरा या इकडे!" ती हातातला गजरा टाकून धावत आली. साहेब गर्दीत पसार!

घरी सांगितलं, तर मुलगा म्हणतो, "आई, उद्यापासून एकटीनं बाहेर जायचं नाही."

वा रे वा! चोर मोकळा फिरणार आणि साठी उलटली म्हणून मी घरात कोंडून घ्यायचं?

उद्या सकाळी त्याच रस्त्याने भाजीला जाणार आहे. मंगळसूत्र घालून. कोण कोण येतंय बरोबर?