बर्फातली नळी

दवाखान्यातून प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या पोचवणं हे पेटीमामाचं काम, आणि वाटेत भेटेल त्याला शहाणपण शिकवणं ही त्याची हौस. अकरा वर्षांत त्याने नळी एकही फोडली नव्हती. लोकांचं डोकं मात्र रोज उठवलं होतं.

पेटीत दोन कप्पे. एक बर्फाचा, एक साधा. एचआयव्ही झालेल्यांच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, मोजायच्या नळ्या साध्या कप्प्यात न्यायच्या, असा नियम. मामाच्या मते तो बर्फ वाचवायला कुणा चिक्कू साहेबाने काढला होता. तरी मामा तो इमानाने पाळायचा.

त्या दिवशी नाही पाळला. कारण एका नळीवरचा क्रमांक त्याच्या धाकट्या भावाचा होता.

धाकटा सोफ्यांना कापड चढवायचा. एचआयव्हीच्या गोळ्या सोडून त्याला दोन वर्षं झाली होती. “मला काही होत नाही, दादा. रोज आठवण कशाला?” म्हणायचा. आता त्याची पँट सुतळीने बांधावी लागत होती. मामाने महिनाभर विनवलं, शिव्या दिल्या, एकदा तर खोटं रडायला घेतलं आणि ते मध्येच खरं झालं. तेव्हा धाकटा म्हणाला, “एकदाच रक्त देईन. आकडा बघू, मग गोळ्यांचं. पुन्हा सुईचं नाव काढलंस तर दार उघडणार नाही.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. धाकट्याचं रक्त असं तापवत न्यायचं? मामाने ती एकच नळी उचलून बर्फाशेजारी निजवली.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी नळी हातात घेतली. “मामा, ही गार कशी?”

“घरची आहे हो. धाकट्याची.”

एरवी तोंडाळ असलेल्या बाई रागावल्या नाहीत. मामाने पेटीचं झाकण आपणहून लावलं.

“गारठ्यात या पेशी बिघडतात. खरा आकडा येत नाही. दुसरं रक्त लागेल.”

“एवढ्या नाजूक? मग लढतात कशा?”

“जीव तोडून लढतात.” बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. “लागण झाल्यावर त्याला ताप आला होता?”

“आठवडाभर. मी म्हटलं, जागरण भोवलं.”

“तेव्हा विषाणू भराभर वाढत होता. मग मारेकरी टी-पेशी उठल्या. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारायला लागल्या. त्याने विषाणू बराच दबतो, माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो. पण मामा, विषाणू शिरतो मदतनीस टी-पेशींत. ज्यांच्या हाकेवर बाकीच्या लढतात, त्यांच्यातच. म्हणजे मरतात त्या आपल्याच. वर तो रूप पालटतो, मारेकऱ्यांच्या ओळखीतून निसटतो. लढून लढून त्याही थकतात.”

“म्हणजे तो ‘मला काही होत नाही’ म्हणायचा...”

“तेव्हाही आत रोज चालूच होतं.”

मामा त्या स्टुलावर बसला.

“गोळ्यांनी विषाणूची वाढ थांबते, पेशींना सावरायला उसंत मिळते,” बाई म्हणाल्या. “गोळ्या आकड्यासाठी अडून राहत नाहीत. आजच डॉक्टरांकडे आणा त्याला. रक्त तिथेच पुन्हा घेतील.” त्यांनी धाकट्याचा क्रमांक लिहून एक रिकामी नळी मामाच्या हातात ठेवली.

धाकट्याच्या खोलीचं दार बंद होतं. आतून खोकला ऐकू येत होता.

“आकडा किती?” दाराआडून प्रश्न आला.

थाप मारायची मामाला सवय होती. आज जीभ वळली नाही. “मी बिघडवलं, बाळ्या. तुझी नळी बर्फात ठेवली. ऊन लागेल म्हणून.”

 मग आतून हसल्यासारखं काहीतरी झालं आणि त्याचा पुन्हा खोकला झाला.

“लहानपणी मला उन्हाळ्यात स्वेटर घालायचास, आता माझ्या पेशींना बर्फ, दादा.”

“चल की. आकडा राहू दे. नुसत्या गोळ्या घेऊन येऊ.”

“आज नको. उभं राहवत नाही.”

“मी उचलतो. पेटी उचलतोच ना रोज?”

 कडी वाजली नाही. मामा पायरीवर टेकला. संध्याकाळचा गार वारा सुटला होता. त्याने खिशातली नळी काढली, मुठीत धरली आणि ऊब लागावी म्हणून मूठ काखेत घातली. नळी रिकामी होती, हे त्याला ठाऊक होतं.